विहिरीवरची म्हातारी आणि आयर्लंडचे राजे

डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात मंद उजेडाच्या एका कप्प्यात, काचेआड, एका माणसाचं धड आणि दोन हात ठेवलेले आहेत. डोकं नाही, कमरेखालचं काही नाही. हातांची कातडी मात्र शाबूत आहे. बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या दिसतात, नखं नीट कापलेली आहेत. दंडावर चामड्याच्या वाद्यांची विणलेली पट्टी आहे आणि तिच्यावर कांस्याचं बारीक काम. २००३ साली ऑफली जिल्ह्यात दलदलीतला चर खणताना हा माणूस वर आला. ख्रिस्तपूर्व चौथ्या ते दुसऱ्या शतकात कधीतरी त्याला मारून तिथे पुरलं होतं. उंची सहा फुटांहून जास्त. या हातांनी कधी नांगर धरला नव्हता, हे ती नखं पाहून कुणालाही कळावं.

संग्रहालयाच्या पुरातत्त्व विभागाचे माजी प्रमुख एमन केली यांचं म्हणणं असं, की हा राजा होता किंवा राजपदाचा दावेदार. असे देह जुन्या राज्यांच्या सीमांवर सापडतात, आणि हा तर एका राजघराण्याच्या अभिषेकाच्या टेकडीच्या पायथ्याशी सापडला. पीक बुडालं, गुरं मेली, की दोष राजाचा. मग राजाचाच बळी. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही. मला मात्र त्या पेटीसमोरून लवकर हलता आलं नाही. आयर्लंडच्या दंतकथांतल्या राजांच्या मागावर मी निघाले होते, आणि प्रवासाच्या सुरुवातीलाच राजा असण्याची किंमत समोर आली होती.

प्राचीन आयर्लंडमध्ये राजे फार होते. एका वेळी शंभर ते दीडशे छोटी राज्यं, त्यांच्यावर मांडलिक सांभाळणारे मोठे राजे, त्यांच्यावर प्रांताचे राजे. आठव्या शतकातल्या एका कायदेग्रंथात राजाचा आठवडाच आखून दिला आहे: रविवारी मद्यपान, सोमवारी निवाडे, मंगळवारी पटावरचा खेळ, बुधवारी शिकारी कुत्री, गुरुवारी राणी, शुक्रवारी घोड्यांच्या शर्यती, शनिवारी पुन्हा निवाडे. राजानं हातात फावडं किंवा कुऱ्हाड धरली, तर त्याची प्रतिष्ठा साध्या शेतकऱ्याइतकी खाली येई. आणि गादी थोरल्या मुलाला मिळेच असं नव्हतं. एकाच पणजोबाचे सगळे पुरुष वंशज हक्कदार. त्यामुळे कोण कुणाचा पणतू हा प्रश्न जीवनमरणाचा होता, आणि त्याचं उत्तर पाठ असणारा कवी हा दरबारातला फार मोठा माणूस होता. राजाकडून गुरंढोरं, घोडे, जमीन घेऊन तो वंशावळ म्हणे. गरज पडली तर ती दुरुस्तही करी.

डब्लिनच्या उत्तरेला बॉइन नदीच्या वळणात न्यूग्रेंजचं थडगं आहे, ख्रिस्तपूर्व ३२०० च्या सुमाराचं. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपासच्या सकाळी सूर्याचा किरण त्याच्या बोगद्यातून थेट गाभाऱ्यात जातो, ही गोष्ट बहुतेकांनी वाचलेली असते. मला थक्क केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. २०२० साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी त्या गाभाऱ्यात सापडलेल्या एका पुरुषाच्या हाडांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे आईबाप सख्खे भाऊबहीण, नाहीतर बापलेक वा मायलेक असले पाहिजेत, असं निघालं. आता शेजारच्या डाउथच्या टेकाडाची मध्ययुगीन कथा ऐका. ब्रेसल नावाचा राजा आकाशाला भिडणारा बुरूज बांधायला घेतो. काम एका दिवसात व्हावं म्हणून त्याची बहीण मंत्रानं सूर्य थांबवते. राजा बहिणीशी संग करतो, मंत्र तुटतो, अंधार पडतो, काम अर्धवट राहतं. ही कथा लिहिली गेली तेव्हा ती थडगी चार हजार वर्षांची झाली होती. इतका काळ एखादी आठवण तोंडातोंडी टिकते का, यावर वाद आहे. एका माणसाच्या हाडांवरून अश्मयुगातलं राजघराणं उभं करणंही काही पुरातत्त्वज्ञांना मान्य नाही. पण डाउथच्या माथ्यावर उभं राहून समोरचं न्यूग्रेंज पाहताना तो वाद मला कोरडा वाटला नाही.

तिथून उत्तरेला, सीमेपलीकडे, आर्मा शहराजवळ नॅव्हनचं टेकाड आहे. अल्स्टरच्या राजांची कथेतली राजधानी ती हीच. गोष्टी सांगतात की इथे कोनहोवर राजा वीरांसह मेजवान्या झोडत असे. उत्खननात चाळीस मीटर व्यासाची लाकडी वास्तू सापडली. तिच्या मधल्या प्रचंड खांबाच्या वाढवलयांवरून तो ओक ख्रिस्तपूर्व ९५ च्या सुमारास तोडला हे कळतं. वास्तू उभी झाल्यावर थोड्याच काळात ती माणसाहून उंच दगडांनी भरली, मुद्दाम जाळली आणि वर मातीचं टेकाड रचलं. कुणी तिथे राहिलंच नाही. त्याआधीच्या वस्तीच्या थरात उत्तर आफ्रिकेतल्या माकडाची कवटी मिळाली, म्हणजे दूरदेशीची भेटवस्तू इथल्या कुणापर्यंत पोचत होती. या जागेची कथा माखा नावाच्या बाईची आहे. राजाच्या घोड्यांपेक्षा आपली बायको वेगानं धावते, अशी बढाई तिचा नवरा मारतो. ती गरोदर असते, दिवस भरलेले असतात, तरी राजा तिला पळायला लावतो. शर्यत ती जिंकते, अंतिम रेषेवर जुळ्यांना जन्म देते आणि अल्स्टरच्या पुरुषांना शाप देते, की ऐन संकटात त्यांना बाळंतवेणा सुरू होतील. चूक राजाची होती, भोगलं सगळ्या राज्यानं.

टारा ही दक्षिणेकडे मीद जिल्ह्यातली बुटकी, लांबट टेकडी. आयर्लंडच्या राजांची टेकडी म्हणून ती जगभर ठाऊक आहे. वर ना तटबंदी ना राजवाड्याची जोती, नुसतं हिरवं गवत आणि त्यात चढउतार, चर, वर्तुळं. ऊन तिरपं असेल तर सावल्यांमुळे ती वर्तुळं उठून दिसतात, डोक्यावर असेल तर आपण कशावर उभे आहोत हेच कळत नाही. जवळजवळ किलोमीटरभर परिघाचा एक चर सगळ्याला वेढतो. नेहमी खंदक बांधाच्या बाहेर असतो, इथे तो आत आहे. लढाईसाठी असं कुणी बांधत नाही. हे कुंपण पवित्र जागेचं.

मधल्या उंचवट्यावर लिया फॉल हा दगड आहे, कमरेहून जरा उंच, गुळगुळीत, वर गोलसर. खऱ्या राजाचा पाय लागला की हा दगड ओरडे, असं जुने ग्रंथ सांगतात. तो आज आहे तिथे इंग्रजांविरुद्धच्या १७९८ च्या बंडानंतर आणला गेला, टारावर पडलेल्या बंडखोरांच्या कबरींची खूण म्हणून. शेजारच्या 'ओलिसांच्या टेकाडा'ला हे नाव मिळालं कारण मांडलिकाचा मुलगा ओलीस ठेवणं हा तिथल्या राजकारणाचा पाया होता. हाती ओलीस नाही तो राजाच नाही, असंच कायद्याचे ग्रंथ मानत. प्रत्यक्षात ते टेकाड पाच हजार वर्षांपूर्वीचं थडगं आहे. १९५० च्या दशकात ते खणलं तेव्हा कांस्ययुगात तिथे पुरलेला एक किशोर मिळाला. त्याच्या गळ्यात अंबर, जेट, कांस्य आणि काचेसारख्या मण्यांची माळ होती.

टाराला लोक खणतही आले. १८९९ ते १९०२ या काळात इंग्रजांना इस्राएलचं हरवलेलं कुळ मानणाऱ्या मंडळींनी मूसाचा पवित्र करारकोश इथे पुरलाय म्हणून एका प्राचीन वर्तुळात कुदळी घातल्या. कवी डब्ल्यू. बी. येट्स यांच्यासारख्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर निषेध केला. ते वर्तुळ आज ओबडधोबड दिसतं ते त्यामुळेच.

टेकडीच्या उत्तर टोकाला उतारावरून घसरल्यासारखी दोन कंकणाकृती टेकाडं आहेत. त्यांची गोष्ट मला आयर्लंडच्या सगळ्या राजकथांत जवळची वाटते. लुगड मॅक कॉन राजा असताना एका बाईच्या मेंढ्या राणीच्या निळीच्या वाफ्यात शिरतात आणि रोपं खाऊन टाकतात. राजा निवाडा देतो की मेंढ्या राणीला द्याव्यात. तिथे वाढणारा पोरका कॉर्मक म्हणतो, असं नको. लोकर कातरून द्यावी, कारण रोपं पुन्हा उगवतील आणि लोकरही पुन्हा उगवेल. खोटा निवाडा दिला गेला त्या क्षणी राजवाड्याची ती बाजू उतारावरून खाली घसरते, आणि ती घसरलेली बाजू म्हणजे ही दोन टेकाडं. मॅक कॉनच्या राज्यात गवत उगवेनासं होतं, धान्य पिकेनासं होतं, आणि लोक त्याला हाकलून कॉर्मकला राजा करतात. पुढे एक डोळा गेल्यावर कॉर्मकलाही टारा सोडावी लागते, कारण अंगात व्यंग असलेला राजा चालत नाही.

राजाच्या सत्यावर ऋतू चालतात, ही कल्पना भारतीय वाचकाला परकी नाही. आयरिश विद्वान माइल्स डिलन यांनी १९४७ साली भारतीय सत्यक्रिया आणि आयरिश कथांमधलं राजसत्य यांची तुलना करणारा लेख लिहिला होता. भारताशी आणखी एक धागा निघतो तो व्हिटली स्टोक्स या डब्लिनकराचा. हे गृहस्थ १८७७ ते १८८२ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होते आणि दिवाणी व फौजदारी प्रक्रियेच्या १८८२ च्या संहितांवर त्यांचा हात फिरला आहे. दिवसा ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आणि उरल्या वेळात जुन्या आयरिश हस्तलिखितांचं संपादन, असं आयुष्य त्यांनी काढलं. त्यांचं एक आयरिश पुस्तक १८६६ साली कलकत्त्यात छापलं गेलं. कॉनरे राजाची कथा त्यांनीच मुळासह छापली. कॉनरेवर निषेधांची मोठी यादी असते: पक्षी मारू नकोस, टाराला अमुक बाजूनं वळसा घालू नकोस, तुझ्या राज्यात लूटमार होऊ देऊ नकोस. त्याचे दूधभाऊ लुटारू होतात. इतरांना मृत्युदंड देऊन तो आपल्या माणसांना सोडून देतो, आणि तिथून एकेक निषेध आपोआप मोडत जातो, अगदी त्याचं डोकं उडेपर्यंत. आपल्या माणसासाठी फिरवलेल्या एका निकालातून पूर्ण राज्य कोसळतं. इतकी कठोर राजनीती कथेतून सांगणारे लोक मला थोर वाटतात.

टाराचं खरं वैभव मात्र नीअल या राजाच्या नावावर आहे. नऊ ओलीस बाळगणारा नीअल, पाचव्या शतकाच्या आसपासचा मानलेला. त्याची आई गुलाम. सवतीच्या जाचात तिला टारासाठी पाणी भरावं लागे. मोठा झाल्यावर तो चार सावत्र भावांबरोबर शिकारीला जातो. तहान लागते. विहिरीवर एक भयंकर म्हातारी बसलेली असते: काळीठिक्कर, हिरवे दात, विस्कटलेले केस. पाण्याच्या बदल्यात ती चुंबन मागते. भाऊ नकार देतात. फक्त फिआक्रा तिला ओझरता ओठ लावतो. नीअल तिला मिठीत घेतो आणि ती झळझळीत तरुणी होते. मी राज्यश्री आहे, ती सांगते. राज्य तुझं आणि तुझ्या वंशाचं. फिआक्राच्या ओझरत्या स्पर्शाचा हिशेबही ती चुकवते: त्याच्या वंशात टाराचे फक्त दोन राजे होतील.

हा दोनचा आकडा कुठून आला? फिआक्राच्या वंशातून टाराचे राजे मानले गेलेले खरंच दोघेच, बाकी जवळजवळ सगळे नीअलच्या वंशातले. इतिहासाची यादी आधी तयार होती, चुंबन नंतर मोजलं गेलं. या कथेवर कविता रचणारा कूआन हा कवी १०२४ मध्ये मारला गेला. तो नीअलच्या वंशातल्या मेल सेखनल राजाच्या पदरी होता, आणि त्याच राजाला १००२ साली ब्रायन बोरू या मन्स्टरच्या नव्या माणसानं सर्वोच्चपद सोडायला लावलं होतं. शतकानुशतकं नीअलच्या वंशजांकडे असलेलं पद पहिल्यांदाच बाहेर गेलं होतं. अशा वेळी दरबारी कवी राज्यश्रीच्या तोंडून सांगतो की राज्य कायमचं नीअलच्या वंशाला दिलेलं आहे! ब्रायनकडच्या लोकांनीही हेच केलं होतं. त्याचं कूळ दहाव्या शतकाआधी मांडलिक, नाव न घेण्याजोगं. ते वर आलं तसा कॅशेलच्या जुन्या राजघराण्याच्या मूळ पुरुषाला एक भाऊ फुटला, आणि त्या भावापासून ब्रायनची वंशावळ सुरू झाली. बायबल आल्यावर तर सगळ्यांनाच आणखी मागे जाता आलं. अकराव्या शतकात आकाराला आलेल्या 'आक्रमणांच्या ग्रंथा'त नोआपासून, इजिप्तच्या फेअरोच्या मुलीवरून, स्पेनच्या मीलच्या मुलांपर्यंत अखंड रेषा आहे आणि आयर्लंडचं प्रत्येक मोठं घराणं तिच्यावर बसवलेलं आहे.

आजही हे थांबलेलं नाही. २००६ साली आयर्लंडच्या वायव्येतल्या दर पाच पुरुषांत एकाजवळ समान पितृजनुकीय खूण असल्याचा अभ्यास आला, आणि ती नीअलची असावी असं म्हटलं गेलं. अमेरिकेतली हजारो माणसं एका रात्रीत राजवंशी झाली. पुढच्या बारकाईच्या कामात ती खूण नीअलहून जुनी निघाली, आणि ती स्कॉटलंडमध्येही भरपूर आहे.

पश्चिमेकडे जाताना इश्नाखची टेकडी लागते. तिच्या उतारावर फुटक्या, राक्षसी दगडाखाली एरिऊ देवी पुरलेली आहे, असं मानतात. जुने पाच प्रांत इथे एकत्र येत, असंही मानतात. वारा फार होता, मी तिथे थोडाच वेळ थांबले.

रॉसकॉमन जिल्ह्यातलं राथक्रोअन हे कॉनख्ट प्रांताच्या राणी मेव्हचं गाव. मधलं टेकाड नव्वदेक मीटर रुंद आणि आजूबाजूला मैलोन्मैल चराऊ रान. गायी राजांच्या कबरींवर चरत होत्या आणि ते अगदी योग्य वाटलं, कारण जुन्या आयर्लंडची सगळी संपत्ती गुरांतच मोजली जाई. दंड गायींत, हुंडा गायींत, राजाची प्रतिष्ठाही एकवीस दुभत्या गायींइतकी. मेव्ह आणि तिचा नवरा बिछान्यात पडल्या पडल्या संपत्तीची बरोबरी करतात, भांडी, अंगठ्या, मेंढ्या, घोडे सगळे समान निघतात आणि फक्त नवऱ्याकडे एक पांढऱ्या शिंगांचा बैल जास्त असतो. तेवढ्यावरून, त्याच्या तोडीचा बैल मिळवायला, अल्स्टरवर स्वारी होते. चराऊ प्रदेशात जन्मलेल्या महाकाव्याला दुसरं कारण कशाला हवं?

टेकाडापासून जवळ, एका शेताच्या कडेला काटेरी झुडपाखाली जमिनीत एक फट आहे. ओवेनागॅट, मांजरांची गुहा. हिवाळ्याच्या तोंडावरच्या रात्री याच फटीतून परलोकातले भयंकर प्राणी बाहेर पडतात, असं मध्ययुगीन ग्रंथ सांगतात. आमच्या वाटाड्यानं आधी कोट काढून ठेवायला सांगितला. आत पाय खाली टाकून, पाठीवर घसरत उतरायचं. चिखल गार, बोटांत घट्ट धरणारा. शिरतानाच डोक्यावरच्या आडव्या दगडाच्या कडेला विजेरी लावली तेव्हा ओघम या जुन्या आयरिश लिपीच्या रेघा दिसल्या: कडेवर आडव्या, तिरप्या, तुटक खाचा. त्या वाचल्या जातात 'मेव्हचा पुत्र फ्रेख याची' अशा. दंतकथेतल्या राणीचं नाव दगडावर! ती हीच मेव्ह का, हे कुणी ठरवू शकत नाही. पण ख्रिस्ती धर्म नुकता येत असलेल्या शतकांत कुणीतरी या काळोखाच्या दारात वंश नोंदवला होता, कुणाचा पुत्र ते सांगितलं होतं. चिखलात पाठीवर पडून ते बोटानं चाचपताना माझ्या अंगावर काटा आला.

फ्रेखच्याच नावाच्या टेकाडावर, टल्स्क गावाजवळ, कॉनख्टच्या ओकॉनर राजांचा अभिषेक होई. १३१० सालच्या अभिषेकाची नोंद बखरकारांनी प्रांताशी राजाचा विवाह अशीच केली आहे. विहिरीवरची म्हातारी चौदाव्या शतकातही सोयरीक जुळवत होती. कॅसलरी गावाजवळ क्लोनॅलिस या घरात ओकॉनरांचे वंशज अजून राहतात आणि अभिषेकाचा दगड त्यांच्या दाराबाहेर आहे. आयरिश शासन १९४४ पासून अशा जुन्या घराण्यांच्या प्रमुखांना औपचारिक मान्यता देत असे. एका घराण्याच्या नावावर मान्यता मिळवलेल्या इसमाची वंशावळ १९९९ साली बनावट ठरली आणि २००३ पासून शासनानं ती पद्धतच बंद केली. नव्यानं वंशावळ रचणाऱ्याला दहाव्या शतकात राज्य मिळालं असतं.

शेवटी स्लायगोच्या किनाऱ्यावर लॅकनला गेले. इथे मॅक फिर्विशी घराण्याची वंशावळकारांची शाळा होती. फिआक्राच्याच वंशातल्या ओडाउड राजांच्या अभिषेकात यांच्याकडे मान असे. या घराण्याचा शेवटचा मोठा विद्वान ड्वॉल्टख. क्रॉमवेलच्या फौजा देश पिंजून काढत असताना, गॉलवे शहरावर वेढा येऊ घातलेला असताना, १६५० च्या सुमारास तो तिथे बसून आयर्लंडच्या सगळ्या घराण्यांचा प्रचंड ग्रंथ लिहीत होता. ज्यांच्या जमिनी जात होत्या त्यांच्या वंशावळी, आणि त्यांच्याबरोबर नॉर्स व इंग्रजी मुळाच्या घराण्यांच्याही. यादी लांबते तशी त्याची नजर अधिक तीक्ष्ण होते. तो नोंदवतो, की मोठ्या सरदारांची संतती वाढत गेली की त्यांची रयत आणि अनुयायी बाजूला ढकलले जातात, सुकतात आणि नाहीसे होतात. राजांच्या वंशावळी म्हणजे बाकीच्यांना पुसत जाण्याचा हिशेब आहे, हे दंतकथेनं नाही सांगितलं. ते पाठ करणाऱ्या माणसानंच लिहून ठेवलं. १६७१ मध्ये त्याला भोसकून मारलं. त्याचा ग्रंथ हस्तलिखित म्हणून साडेतीन शतकं पडून होता. २००३ ते २००४ मध्ये तो नोलिग ओ म्यूरेली यांच्या संपादनात पाच खंडांत छापून आला.